दर महिन्याला कटणारे १९९ रुपये

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे पैसे हातात आले की हदगावच्या बँकांत पासबुक भरून घेणाऱ्यांची गर्दी वाढते. पासबुक हातात पडले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हे पैसे कशाचे कटले?" कधी ४३६ रुपयांची नोंद असते, कधी २० रुपयांची. ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड आले आहे त्यांच्या बिलात १९९ किंवा ४९९ रुपयांची ओळ असते, आणि तीच ओळ पुढच्या महिन्यातही असते. काउंटरवरून उत्तर मिळते, "ऑटो डेबिट आहे." माणूस मान हलवतो आणि परत जातो, कारण त्या उत्तरातून पुढे काय करायचे ते त्याला कळलेले नसते.

करायचे मात्र बरेच असते. आपोआप पैसे कटण्याच्या मुळाशी कुठेतरी नोंदलेली एक परवानगी असते. बँकेच्या भाषेत तिला 'मँडेट' म्हणतात. अमुक कंपनीने, अमुक रकमेपर्यंत, अमुक तारखेपर्यंत, दर महिन्याला माझ्या कार्डावरून पैसे घ्यावेत, असे त्या मँडेटमध्ये लिहिलेले असते. लोक कटलेल्या पैशांमागे धावतात, शाखेत भांडतात, ॲप काढून टाकतात, आणि मँडेट जिवंतच राहते. म्हणून आधी ती परवानगी शोधायची, ती मोडायची आणि मग पैसे परत मागायचे. हा क्रम पाळला नाही तर एका महिन्याचे पैसे परत मिळतात आणि दुसऱ्या महिन्याचे पुन्हा कटतात.

पूर्वी मासिकाचे वर्गणीदार असणाऱ्यांना आठवत असेल. वर्ष संपले की अंकासोबत 'आपली वर्गणी संपली' अशी चिठ्ठी यायची, आणि पोस्टात जाऊन मनीऑर्डर केली तरच पुढचा अंक मिळायचा. चालू ठेवायचे असेल तर वर्गणीदाराला हालचाल करावी लागे. आज थांबवायचे असेल तर हालचाल करावी लागते. या एका बदलावर किती मोठा धंदा उभा आहे, हे अर्थशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडियर यांचा २००६ सालचा अमेरिकेतील व्यायामशाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी चार-पाच वेळाच जात होते. म्हणजे त्यांना एक फेरी १७ डॉलरच्या पुढे पडत होती, आणि १० फेऱ्यांचा पास घेतला असता तर तीच फेरी १० डॉलरला मिळाली असती. त्यानंतर लिरान आयनाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डांच्या नोंदी तपासल्या. जुने कार्ड बदलून नवे आले, म्हणजे 'ही सेवा हवी का?' हा प्रश्न ग्राहकापुढे नव्याने उभा राहिला, की नेमक्या त्या महिन्यात सेवा सोडणाऱ्यांचे प्रमाण एकदम वाढते, असे त्यांना आढळले. म्हणजे आधीच्या महिन्यांतही त्यातल्या अनेकांना ती सेवा नको होती, पण नको म्हणण्याची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

आता परवानगी कशी दिली जाते ते जवळून पाहू. समजा, हदगावात कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या एका गृहस्थाने दुपारी गिऱ्हाईक नसताना मोबाईलवर एका मालिकेचा तुकडा पाहिला. पुढचा भाग पाहण्यासाठी 'फक्त १ रुपयात ७ दिवस' अशी पाटी आली. त्याने रुपया भरला. कार्ड असेल तर ओटीपी टाकला, यूपीआय असेल तर पिन टाकला. ओटीपी किंवा पिन मागणाऱ्या त्या पडद्यावर रुपया मोठ्या अक्षरांत असतो. त्याच्या खाली बारीक अक्षरांत असते: वारंवारता मासिक, कमाल रक्कम ४९९, वैधता अनेक वर्षे पुढच्या तारखेपर्यंत. सगळी गोम या तीन ओळींत आहे. गृहस्थ समजतो की आपण रुपया दिला. नोंद होते ती मात्र दर महिन्याला ४९९ रुपयांपर्यंत घेण्याच्या परवानगीची. यूपीआयवर ही सोय 'ऑटोपे' नावाने जुलै २०२० पासून आहे, आणि रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागल्यापासून क्रेडिट कार्डाचे पैसेही याच वाटेने जाऊ शकतात.

या बाबतीत आपल्याकडचा नियम चांगला आहे, जगातल्या अनेक देशांपेक्षा चांगला आहे, आणि तो लोकांना माहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. रिझर्व्ह बँकेने २१ ऑगस्ट २०१९ रोजी कार्डावरच्या आवर्ती वसुलीचे परिपत्रक काढले. सुरुवातीला मर्यादा २,००० रुपयांची होती. जानेवारी २०२१ पासून ती ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. या रकमेपर्यंत दर महिन्याला ओटीपी न मागता पैसे घेता येतात. त्यापुढे प्रत्येक वेळी ओटीपी लागतो. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांच्यासाठी ही मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये एक लाख करण्यात आली. मूळ नियमाची अंमलबजावणी मात्र बँका आणि कंपन्यांची तयारी नसल्याने लांबत गेली होती. अखेर १ ऑक्टोबर २०२१ पासून नियमात न बसणारी जुनी मँडेट चालेनाशी झाली. त्या महिन्यात अनेकांचे चित्रपटांचे ॲप बंद पडले, बिले थकली, लोक वैतागले. पण त्याच धक्क्यात कित्येक विसरलेल्या वसुल्याही थांबल्या.

या नियमाचा गाभा एका एसएमएसमध्ये आहे. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला कळवले पाहिजे. कोणती कंपनी, किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोणत्या मँडेटखाली, कशासाठी, हे सगळे त्यात हवे. एवढेच नाही, तर ही एक वसुली किंवा अख्खे मँडेट नाकारण्याची सोयही त्यात हवी. बहुतेक संदेशांत त्यासाठी लिंक असते. मँडेट नोंदवताना, बदलताना आणि रद्द करताना ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, आणि या सोयीसाठी बँकेला ग्राहकाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणजे नको असलेली वसुली अडवायला पुरा एक दिवस हातात असतो, आणि त्यासाठी कुणाच्या हातापाया पडावे लागत नाही. फास्टॅगचा अपवाद लक्षात ठेवा. नांदेड-नागपूर रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांनी फास्टॅगमध्ये आपोआप पैसे भरण्याची सोय लावली असेल, तर ऑगस्ट २०२४ च्या परिपत्रकानुसार त्यासाठी ही २४ तासांची सूचना येत नाही.

मग एवढा चांगला एसएमएस कामी का येत नाही? पहिले कारण साधे आहे. तो पोचतच नाही. खाते उघडताना दिलेले सिम कधीच बंद पडलेले असते, किंवा तो नंबर पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाकडे असतो. मराठवाड्यातल्या जुन्या खातेदारांचा यात आणखी एक गुंता आहे. ज्यांची खाती स्टेट बँक ऑफ हैदराबादमध्ये, म्हणजे आपल्या 'एसबीएच'मध्ये होती, ती १ एप्रिल २०१७ च्या विलीनीकरणात स्टेट बँकेत गेली. पण त्यांतल्या अनेकांनी तेव्हापासून आपला मोबाईल नंबर तपासलेलाच नाही. दुसरे कारण म्हणजे संदेश इंग्रजीत असतो आणि जाहिरातींच्या ढिगात हरवतो. बँकेत जाऊन नंबर अद्ययावत करणे हे या सगळ्या विषयातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे.

आता मँडेट मोडायचे कसे? मोबाईलमधून ॲप उडवले म्हणजे वर्गणी बंद झाली, हा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. गूगल प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जाऊन रद्द करावी लागते. थेट कंपनीकडे घेतली असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये, आपल्या खात्याच्या पानावर. आधी तिथे रद्द करा, रद्द झाल्याचा संदेश किंवा पडद्याचे छायाचित्र जपून ठेवा, आणि मग बँकेकडचे मँडेटही रद्द करा. यूपीआय असेल तर त्या ॲपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा विभाग असतो. तिथे चालू असलेली सगळी मँडेट एका यादीत दिसतात. कार्डाची मँडेट बँकेच्या नेट बँकिंगमध्ये किंवा कार्डाच्या ॲपमध्ये दिसतात. काही बँकांनी हे काम बिलडेस्कच्या 'एसआय हब' या पोर्टलवर दिले आहे. ही यादी पहिल्यांदा उघडून पाहणाऱ्याला बहुधा एखादे तरी अनोळखी नाव सापडते.

नाव अनोळखी असते याचेही कारण आहे. बिलावर ॲपचे नाव छापले जाईलच असे नाही. कधी मूळ कंपनीचे नाव येते, कधी मधल्या पेमेंट गेटवेचे. त्यामुळे फसवणूक झाली असे लगेच धरू नका. रक्कम आणि तारीख घेऊन एसएमएस आणि ईमेलमध्ये शोधा, आणि घरात विचारा. कार्ड वडिलांचे, मोबाईल आईचा आणि ॲप लेकराने घेतलेले, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे.

परदेशी कंपन्यांचे प्रकरण जरा वेगळे आहे. भारतातल्या ऑनलाइन व्यवहाराला ओटीपी लागतो, तसा तो परदेशी संकेतस्थळावर प्रत्येक वेळी मागितला जाईलच असे नाही. यावर उपाय आपल्या हातात आहे. जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार प्रत्येक कार्डाला देशांतर्गत आणि परदेशी, दुकानातला आणि ऑनलाइन, असा प्रत्येक प्रकार चालू-बंद करण्याची आणि मर्यादा ठरवण्याची सोय बँकेने द्यायलाच हवी. हदगावात राहणाऱ्या आणि परदेशात खरेदी न करणाऱ्या माणसाच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू असण्याचे काहीच कारण नाही.

नांदेड आणि लातूर ही नीट परीक्षेच्या तयारीची गावे आहेत. हदगाव, तामसा, निवघा इथली किती तरी मुले तिथे खोली घेऊन राहतात, आणि शिकवणीबरोबर मोबाईलवरची अभ्यासाची ॲपही वापरतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ रोजी पालकांसाठी एक सूचनापत्र काढले होते. त्यात स्पष्ट सांगितले होते की अशा ॲपची वर्गणी ऑटो डेबिटने भरणे टाळावे. सुरुवातीला सगळे फुकट वाटते, पुढे पैशाचे विभाग उघडतात, आणि आपण आता पैशाची सेवा वापरत आहोत हे मुलाला कळतही नाही, असे कारण त्यात दिले होते. मी त्यात एवढेच जोडेन की मुलासाठी वर्गणी भरायचीच असेल, तर एका वर्षाचे पैसे एकदाच भरा आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाका.

क्रेडिट कार्डावर छोटी रक्कम विसरणे बँक खात्यापेक्षा महाग पडते. खात्यात पैसे नसतील तर वसुली परत जाते. कार्डावर मात्र ती उधारी म्हणून चढते. समजा, मेळाव्यात कुणीतरी 'आयुष्यभर मोफत' म्हणून दिलेले कार्ड कपाटात पडून आहे आणि त्यावर एक मँडेट चालू आहे. बिल भरले नाही की उशिराचा आकार, त्यावर १८ टक्के जीएसटी आणि व्याज लागते. अनेक कार्डांवर हे व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढे जाते. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मूळ १९९ रुपयांपेक्षा पुढचा फटका मोठा असतो तो सिबिलचा, म्हणजे पतगुणांचा. पीककर्जासाठी बँकांनी सिबिल मागू नये, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बजावले. पण ट्रॅक्टर, घर किंवा दुकानाच्या कर्जाला तो पाहिला जातोच. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेला खाते थकीत म्हणून कळवता येत नाही की दंड लावता येत नाही, एवढी सवलत नियमात आहे.

असे कार्ड नको असेल तर बंद करा. एप्रिल २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, बाकी नसेल तर कार्ड बंद करण्याच्या अर्जावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्यवाही केली पाहिजे. नाही केली तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे आहेत.

पासबुकातल्या ४३६ आणि २० रुपयांविषयीही बोलले पाहिजे, कारण हदगावच्या पासबुकांत सर्वाधिक दिसणारे ऑटो डेबिट बहुधा हेच असेल. ९ मे २०१५ ला सुरू झालेल्या जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचा हा हप्ता आहे. आधी तो ३३० आणि १२ रुपये होता, १ जून २०२२ पासून वाढला. विम्याचे वर्ष १ जून ते ३१ मे असते, म्हणून हप्ता मेअखेरीस कटतो. दोन्ही विमे गरजेचे आणि स्वस्त आहेत, ते बंद करा असे मी कधीच म्हणणार नाही. पण एकाच माणसाचे स्टेट बँकेत एक आणि ग्रामीण बँकेत दुसरे खाते असेल आणि दोन्हीकडून ४३६ कटत असतील, तर मृत्यूनंतर मिळणारी रक्कम मात्र दोन लाखच असते. दुसऱ्या खात्यातला हप्ता वाया जातो. एका शाखेत लेखी अर्ज देऊन तो थांबवता येतो. संमती न घेता नाव घातल्याच्या तक्रारीही देशभरातून आल्या आहेत. तसे झाले असेल तर सही केलेला संमतीपत्राचा कागद शाखेकडे मागावा.

ज्याची परवानगी आपण दिली, पण फसवून घेतली गेली, त्यासाठी आता कायदा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या १३ ऑनलाइन युक्त्यांची यादी अधिसूचित केली. 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' ही त्यातलीच एक युक्ती. रद्द करण्याचे बटण दडवणे, रद्द करायला मुद्दाम लांब वाट ठेवणे, फुकट चाचणीसाठी ऑटो डेबिटची सक्ती करणे, हे सगळे त्यात येते. जगातही हा लढा चालू आहे. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार रद्द करण्याचे ठळक बटण ठेवणे सक्तीचे आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने प्राइम सदस्यत्वावरून ॲमेझॉनवर २०२३ मध्ये खटला भरला. रद्द करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीत 'इलियड' म्हणत, असा आरोप त्यात होता. होमरच्या महाकाव्याचे ते नाव. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने चूक कबूल न करता अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी आहेत.

आणि परवानगी दिलीच नसेल तर? मग तो अनधिकृत व्यवहार आहे आणि तिथे वेळेला सर्वांत जास्त किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कुणाची असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर त्याच्यावर एका रुपयाचीही जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर ती मर्यादित असते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या क्रेडिट कार्ड व्यवहारावर वाद मिटेपर्यंत आकार लावता येत नाही. पण कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवरच फोन करा. 'रिफंड'साठी गूगलवर नंबर शोधणारे आणि तिथे बसलेल्या भामट्याला ओटीपी सांगून हजारो रुपये घालवणारे लोक थोडे नाहीत. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर कळवा.

बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ही सोय सगळ्यांसाठी एकत्र झाली आहे. चौकशीचा नंबर १४४४८ आहे, तक्रार ऑनलाइन होते आणि फी नाही. कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मराठीतही करता येते, आणि अनेक छोट्या रकमा तिथेच परत मिळतात. तिथेही काम झाले नाही तर नांदेडचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, हदगावच्या माणसाला तिकडे जावे लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीसोबत लागतात ते कागद म्हणजे ती ओळ असलेले कार्डाचे बिल, रद्द केल्याचे छायाचित्र, बँकेला केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि आलेले, किंवा न आलेले, २४ तास आधीचे एसएमएस.